एका मांडवात दोघी

बाळासोच्या वहीत लग्नाचे तीन दर्जे होते, आणि तिसरा दर्जा कुणी घेऊ नये म्हणूनच त्यानं तो लिहिलेला होता. हे मला आज कळतं. त्रेपन्न साली मी तेवीस वर्षांची होते, पाच ठिकाणी नकार खाऊन सहाव्या ठिकाणी जमलं होतं, आणि मला बँड पाहिजे होता.

आमचे वडील, दादा, शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. गावात त्यांना अंबादास मास्तर म्हणत. मंगळवार पेठेत दोन खोल्यांत आम्ही तिघं राहायचो, दादा, मी आणि माझी धाकटी बहीण कालिंदी. आई गेली तेव्हा मी अकराची आणि कालिंदी पाचाची. मला शाळेतून काढलं, कारण घरात चूल कोण पेटवणार. कालिंदीला शाळेत घातलं, कारण एवढीशी पोर घरात राहून करणार काय. अशी आमची वाटणी झाली. तिची वेणी मी घालायची, डबा मी करायचा आणि बक्षिसं तिनं आणायची. सतराव्या वर्षी तिनं मॅट्रिकची परीक्षा दिली आणि जूनपासून राजाराम कॉलेजात जायचं नक्की करून टाकलं. दादांचे पोस्टात अकराशे रुपये होते. त्यातले साडेचारशे माझ्या लग्नाचे आणि बाकीचे तिच्या शिक्षणाचे. लग्न एका दिवसात उरकतं, शिक्षण चार वर्षं चालतं, असं दादा म्हणायचे. मी मान डोलवायची.

बाळासो मंडप काँट्रॅक्टर. महाद्वार रोडच्या आतल्या बोळात त्याचं दुकान. त्याच्या आधी लोक लग्नाचं सगळं सुटं सुटं आणत. मांडव एकाचा, भांडी दुसऱ्याची, आचारी तिसऱ्या गल्लीतला, घोडा आणखी कुठला. बाळासोनं ते सगळं एका वहीत बांधलं आणि त्याला ‘ठोक लग्न’ असं नाव दिलं. एकदा आकडा बोलायचा आणि मुलीच्या बापानं हात जोडून उभं राहायचं, बाकी सगळं बाळासो बघणार. निम्म्या गावानं त्याच्या पाया पडायचंच तेवढं बाकी ठेवलं होतं.

दादा मला घेऊन त्याच्या दुकानात गेले आणि तिसरा दर्जा साडेचारशेला ठरवून आले. बाळासोनं अजिबात वाद घातला नाही. चहा पाजला, मला बसायला खुर्ची दिली आणि जाता जाता विचारलं, “मास्तर, याद कधी हाय?”

दादांनी दिवस सांगितला. साधी माणसं अशीच बुडतात.

याद म्हणजे लग्नाच्या देण्याघेण्याची यादी. दोन्हीकडची माणसं जाजमावर समोरासमोर बसतात, मानपान, कपडे, भांडी, जेवणं सगळं कागदावर उतरवतात, आणि शेवटी कागदाच्या चारही कोपऱ्यांना कुंकू लावतात. कुंकू लागलं की अक्षर फिरत नाही. मुलीच्या बापानं तिथं घासाघीस करायची नसते. दुकानात करावी, रस्त्यात करावी, पण व्याह्यांसमोर केली की मुलगी ती जन्मभर ऐकत बसते.

यादीच्या दिवशी बाळासो न बोलावता आला आणि सरळ वरपक्षाच्या बाजूला मांडी घालून बसला.

“पावणं, रामराम. मास्तरांच्या लग्नाचं काम आमच्याकडंच हाय,” म्हणाला. “म्हटलं, सगळ्यांच्या कानावर घालावं. नंतर कटकट नको.” आणि त्यानं वही उघडली.

“तिसरा दर्जा. मांडव फाटका न्हाई, ठिगळाचा हाय. बत्त्या तीन. जेवणात गुळाचा शिरा, त्यो बी एकदाच फिरणार. वाजंत्री दोन, त्यातल्या एकाला दम हाय. वरमाईला बसाय पाट. घोडा न्हाई, नवरदेव मारुतीला चालत.”

माझी होणारी सासू पलीकडं बसली होती. तिनं पदर नीट केला.

“दुसरा दर्जा. खुर्च्या हायत्या, पंधरा. जिलबी हाय, पानात दोन. घोडा हाय, पर मारुतीला जाताना. येताना नवरदेवानं चालत याचं. येतानाचा पायजे असंल तर सुटा घ्या, सात रुपयं.”

तिकडचे सगळे हसले. माझे होणारे मिस्टर माधवराव पण हसले. घोड्यावरून गेलेला नवरदेव पायी परत येतोय, हे चित्र त्यांना दिसलं असणार.

“आन् पहिला,” बाळासोनं आवाज खाली आणला. “दरबारातला तंबू. खुर्च्या शंभर. जिलबी कुणी नको म्हणंपर्यंत. अकरा माणसांचा बँड, लाल कोटातला. घोडा जाऊन येऊन. आणि वरपक्षाची वरात आमच्याकडनं, तिचा एक पैसा कुणी द्याचा न्हाई. बाराशे. मास्तर, कुठला धरू?”

तंबू दरबारातला होता की मिरजेच्या बाजारातला, देव जाणे. पण वरात फुकट म्हटल्यावर माझ्या सासऱ्यांनी पानाचा डबा ओढला आणि सुपारी कातरायला घेतली. ते नगरपालिकेत हेडक्लार्क. “मुलगी तुमची, हौस तुमची,” ते म्हणाले. “आमचं काही म्हणणं नाही.” आणि कातरतच राहिले.

दादा पाणी आणतो म्हणून आत आले. दाराआड मी उभी होते, आणि माझ्या शेजारी पोह्यांच्या बश्या भरत कालिंदी.

“मीना,” दादा हळू म्हणाले, “तिसरा म्हटलं तर लई वाईट दिसंल काय गं?”

“पहिला सांगा,” मी म्हणाले.

“अगं, पर हिचं कॉलेज...”

“मी आजपतोर काय मागितलंय?”

काहीच मागितलं नव्हतं. ते खरं होतं. व्याह्यांसाठी भरलेला तांब्या दादांनी स्वतःच पिऊन टाकला आणि बाहेर जाऊन पहिला दर्जा सांगितला. कुंकू लागलं. कालिंदीनं बश्या मोजून ताटात मांडल्या आणि मला म्हणाली, “आक्का, एक बशी कमी पडतीया.”

मला वाटलं, दादा तिच्या फीचं कुठूनतरी जमवतील. खोटं कशाला बोलू, मला तेवढंही वाटलं नव्हतं. मला फक्त बँड दिसत होता.

आठ दिवसांनी बाळासो घरी आला. दादा चिंतेत आहेत हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. चिंता त्यानंच विकली होती.

“मास्तर, तुमची धाकटी बी लग्नाला आलीया,” तो बसता बसता म्हणाला.

“ती शिकणाराय,” दादा म्हणाले.

“शिकवा की. कोण नको म्हणतंय? चार वर्सं शिकली की नवरा बीए लागंल. बीए नवऱ्याला काय पडतंय, इचारलायसा कुठं? आणि तवर माझा दर हितंच ऱ्हातोय व्हय?” मग तो पुढं सरकला. “त्यापरास ऐका. मांडव हाय, बँड हाय, आचारी हाय, भटजी हाय. त्याच मांडवात दुसरं लगीन लावलं तर जास्तीचं काय लागतंय? दोन हार आणि शंभर पानं. दोनशेत करतो. बाराशेचं लगीन दोनशेत, मास्तर! पर अक्षय तृतीयेपतोर सांगा. फुडं मला परवडत न्हाई.”

नवराही त्यानं बरोबरच आणला होता, म्हणजे वहीत. माझ्या सासऱ्यांचा पुतण्या कृष्णात. पेठ वडगावात गुळाचं अडत दुकान, वय छत्तीस, पहिली बायको बाळंतपणात गेलेली, दोन मुलं. हुंडा नको, मानपान नको, मुलगी घरकामाची पाहिजे.

दादांनी शेवटचं काढलं, “दोन सख्ख्या बहिणी एका मांडवात उभ्या करत न्हाईत, बाळासो.”

“मधे पडदा बांधला की दोन मांडव,” बाळासो म्हणाला. “पडद्याचं मी काय घेत न्हाई.”

दादा चार दिवस कागदावर आकडे मांडत बसले. पाचव्या दिवशी त्यांनी हिशेब माझ्यापुढं मांडला, कालिंदीपुढं नाही. पोस्टात होतं ते सगळं माझ्याच लग्नाला पुरत नव्हतं. पुढच्या साली त्यांची नोकरी संपणार. मग कालिंदीचं ना शिक्षण व्हायचं ना लग्न. दोनशे कुठूनही उभे राहतील. “तिचं कल्याणच हुईल,” ते म्हणाले आणि माझ्याकडे बघत राहिले. मी ‘नाही’ म्हणावं असं त्यांना वाटत होतं का? मला तेव्हाच कळलं होतं, की वाटत होतं. मी पदराला हात पुसले आणि भाजी निवडायला बसले. संध्याकाळी दादा बाळासोला होकार देऊन आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी कालिंदी मला हाताला धरून बाळासोच्या दुकानात घेऊन गेली. दुकानात गेल्यावर उभ्या उभ्या विचारलं, “दुसरं लगीन काढून टाकलं तर काय हुतंय?”

बाळासो हसला. “काढता येत न्हाई.”

“का न्हाई?”

“तू ठोकात गेलीयास, बाळ. ठोकातलं एक सुटं काढलं की बाकीच्याचा दर मोडतोय. कृष्णातनं मला कायतरी कबूल केलंय, त्येच्या जिवावर मी बँडवाल्याला इसार दिलाय. आता तुला कुठनं सुटी करू?”

सतरा वर्षांच्या पोरीसमोर हे बोलताना त्याचा आवाजसुद्धा बदलला नाही. सतरंजीचं सांगावं तसं सांगितलं. कालिंदीनं त्याच्या वहीवर बोट ठेवलं. “मग आमचं पहिल्या दर्जाचं तिसऱ्यात करा,” ती म्हणाली. “ठरलं हुतं तसं. साडेचारशे.”

बाळासोनं कानावरची पेन्सिल काढली आणि माझ्याकडे वळला. “ते हुतंय. तुझी आक्का म्हणाली तर. आक्का, तुम्ही म्हणा, बँड नको, तंबू नको, तिसरा चालंल. तुमच्या सासऱ्यास्नी मी गप करतो, याद फिरवून घेतो, कृष्णातचं बी बघतो. माझं चार पैसं जातील, जाऊ द्यात. बोला.”

त्याला उत्तर माहीत होतं. अशा शंभर नवऱ्या मुली त्यानं पाहिल्या होत्या, आणि म्हणूनच तो एवढा उदार झाला होता. पण मी ‘हो’ म्हटलं असतं तर चार माणसांत, गड्यांच्या देखत, त्याला लिहावं लागलं असतं. पेन्सिल वहीवर टेकलेली होती. कालिंदी माझ्या तोंडाकडे बघत होती, लहानपणी ताप आला की बघायची तशी.

“याद झालीया,” मी म्हणाले. “कुंकू लागलंय.”

“ऐकलंस न्हवं?” बाळासो तिला म्हणाला आणि पेन्सिल परत कानावर ठेवली.

परतताना ती पापाच्या तिकटीला थांबली. “मी शिकलो तर तुझं काय कमी हुणार हुतं, आक्का?” तिनं विचारलं. कोल्हापुरात आम्ही पोरी पोरांसारखंच बोलतो, शिकलो, गेलो, आलो.

मला संताप आला. कशाचा आला हे मी इतक्या वर्षांत हजारदा उकरून बघितलंय. तिनं बरोबर प्रश्न विचारला याचाच आला. “तुझ्या वेण्या घालण्यात माझी शाळा गेली,” मी म्हणाले. “आता तू बघ चूल कशी पेटती ती.”

त्यानंतर लग्नापर्यंत ती माझ्याशी बोलली, पण कामापुरतं. वेणी मात्र तिनं स्वतः घातली.

वैशाखात लग्नं लागली. पडद्याच्या अलीकडं मी आणि माधवराव, पलीकडं कालिंदी आणि कृष्णात. मंगलाष्टका एकच. बाळासोनं दिलेला शब्द पाळला, पण पडदा काही उगीच फुकट बांधला नव्हता. जिलबी पडद्याच्या अलीकडं होती. पलीकडं गुळाचा शिरा, तोही एकदा फिरला. खुर्च्या अलीकडं, पलीकडं जाजम. कालिंदीचा हार झेंडूचा होता आणि तो आदल्या दिवशीचा असावा, कारण तिनं मान वाकवली तेव्हा पाकळ्या गळल्या. दादा पडद्याच्या टोकाशी उभे होते. तिथून दोन्ही मुली दिसत. ते एकदा इकडं बघत, एकदा तिकडं आणि दोन्हीकडच्या पाहुण्यांना हात जोडत.

बँड वाजला. तासभर वाजला. लाल कोटांच्या बगला घामानं काळ्या झाल्या होत्या आणि क्लॅरिनेटवाला मधेच खोकत होता. मला ऐकू फारसं आलंच नाही. मी पलीकडच्या बाजूला कान लावून बसले होते. ती रडत असती तर मला बरं वाटलं असतं. काहीच आवाज येत नव्हता.

जूनमध्ये निकाल लागला. कालिंदी पहिल्या वर्गात पास झाली, सगळ्या शाळेत दुसरी. दादा पेढे घेऊन वडगावला गेले. कृष्णातनं दोन पेढे खाल्ले, चांगले आहेत म्हणाला, आणि बायकोचं अक्षर सुरेख आहे म्हणून गुळाच्या रव्यांना, म्हणजे ढेपांना, लावायच्या चिठ्ठ्या लिहायचं काम त्या दिवसापासून तिच्याकडं दिलं. दादांनी हे मला येऊन सांगितलं. सांगताना ते हसायचा प्रयत्न करत होते. मी त्यांना चहा केला.

छप्पन सालच्या फाल्गुनातली गोष्ट. आम्ही तोवर राजारामपुरीत राहायला गेलो होतो. कालिंदी बाजारासाठी कोल्हापुरात आली की माझ्याकडं टेकायची, तासभर, कडेवर स्वतःचं पोर आणि मागं सवतीची दोन. पाणी प्यायची, वडगावच्या मोटारीची वेळ विचारायची आणि निघायची. त्या दिवशी ती अशीच बसली होती आणि दारात बाळासो आला. बरोबर केरबा नावाचे एक गृहस्थ, कोर्टात बेलीफ, आणि त्यांच्या मागं त्यांची धाकटी मुलगी बनाबाई. सोळाची असेल. थोरलीचं लग्न ठरलं होतं. ती घरी होती.

“दोघी बहिणी एका जागी घावल्या, बघा!” बाळासोला कोण आनंद झाला. “केरबा, ह्या त्या. एका मांडवात दोघींचं. आता माझं ऐकू नका, ह्यास्नीच इचारा. तीन वर्सं झाली, दोघींचं झ्याक चाललंय.”

केरबांनी संकोचून विचारलं, “काय म्हणता, वहिनी? हे म्हणत्यात, धाकटीचं दोनशे अडीचशेत हुतंय. करावं का?”

पोरगी दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी होती. बापाच्या पिशवीचे बंद तिनं मुठीत आवळून धरले होते. मी तिच्याकडं पाहिलं आणि तीन वर्षांत पहिल्यांदा माझं तोंड उघडलं.

“करू नका,” मी म्हणाले. “थोरलीचं करा, साधं करा. हिला शिकवा. ह्या माणसाचं ऐकू नका.”

बाळासोला राग आला नाही. त्यानं शांतपणे कालिंदीकडं हात केला. “आक्कांचं काय, त्या पहिल्या दर्जाच्या. पडद्यापलीकडं ह्या हुत्या. ह्यास्नी इचारा की.”

केरबा कालिंदीकडं वळले. कालिंदीनं पोराला मांडीवर घेतलं आणि त्या मुलीला जवळ बोलावलं.

“कितवीत हायस?”

“मॅट्रिक दिलीया आत्ताच.”

“गणित कसं गेलं?”

“सगळं सुटलं,” मुलगी म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर एकदम उजेड आला. कालिंदी आता माझ्या बाजूनं बोलणार असं तिला वाटलं, आणि मलाही वाटलं. माझ्या छातीवरचा दगड हलला, देवाशप्पथ सांगते.

कालिंदीनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग केरबांना म्हणाली, “करून टाका. स्वस्त पडतंय.”

मुलगी तिथंच उभी राहिली. बाळासोनं वही उघडली. केरबांच्या खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं झालं. ते मला नमस्कार करून, कालिंदीला नमस्कार करून पायऱ्या उतरले, आणि पोरीला दोनदा हाक मारावी लागली तेव्हा ती गेली.

मी कालिंदीचा दंड धरला. “त्या पोरीनं तुझं काय केलं हुतं? तुला ठाऊक हाय की सगळं. त्या लेकराचं वाटोळं का केलंस?”

तिनं माझा हात सोडवला. रागानं नाही, भाजीवालीचा हात बाजूला करावा तसा. पोराला काखेत घेतलं, सवतीच्या दोघांना चपला घालायला सांगितलं.

“तिला बी थोरली बहीण हाय की,” ती म्हणाली. “तिनं बघावं.”